वळूची आई पाहिली का?

पोहरादेवी आमच्या मानोरा तालुक्यातली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथल्या दौऱ्यात पंतप्रधानांच्या हस्ते देशी गायींसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ यांचे लोकार्पण झाले. जनावराच्या नमुन्यातून त्याची आनुवंशिकता वाचायची आणि गोऱ्हा लहान असतानाच त्याच्या लेकी कशा निघतील याचा अंदाज बांधायचा, असे हे तंत्र आहे. कालवडीच जास्त व्हाव्यात यासाठीची लिंगनिर्धारित रेतमात्रा देशी तंत्राने तयार करण्याची घोषणाही त्याच वेळी झाली; त्यामुळे एका मात्रेमागे सुमारे २०० रुपये वाचतील असे सांगितले गेले. त्या आठवड्यात पारावर बोलणे झाले ते शेतकरी सन्मान निधीचा हप्ता जमा झाला की नाही याचे. मला मात्र चिपची बातमी मोठी वाटली. वळूचा वंश न पाहता तो कळपात सोडला की गावाची गुरे कशी खालावतात, हे मी रोजची धार काढताना पाहिले आहे.

आमच्याकडे बहुतेक घरांच्या गायी एकाच गायक्याबरोबर ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीवर चरायला जातात. कळपात जो वळू, तोच गावातल्या सगळ्या वासरांचा बाप. म्हणजे वळूची निवड ही एका घराची गोष्ट राहत नाही, पुढच्या दहा वर्षांच्या गावाच्या दुधाची आणि बैलांची ती निवड असते. आणि आमचा भाग असा, की वर्ध्याकडची पांढरी, चपळ गवळाऊ एका बाजूला, नांदेडच्या कंधार-मुखेडकडची लाल कंधारी दुसऱ्या बाजूला, त्यापलीकडे लातूर-उदगीरची देवणी. इंग्रजांच्या काळातल्या नोंदींत वऱ्हाडातल्या खामगावी आणि उमरडा या गुरांचा वेगळा उल्लेख सापडतो. तांड्यांवरच्या बंजारा समाजाने तर लदेणीच्या काळात हजारो बैलांवर धान्य आणि मीठ वाहिले. इतका गुरांचा वारसा असलेल्या मुलखात आज दावणीच्या गायीकडे बोट दाखवून ‘ही अमुक जातीची’ असे खात्रीने सांगता येत नाही, याचे मला वाईट वाटते.

गावाने वर्गणी काढून बाजारातून वळू आणला, तेव्हा तो पाहायला सगळे लोटले. वशिंड उभे, अंग दुधासारखे पांढरे, चाल घोड्याची. व्यापाऱ्याने तो आर्वीकडचा शुद्ध गवळाऊ म्हणून दिला होता. पुरुष मंडळींनी खूर पाहिले, दात पाहिले, पाठ पाहिली. आमच्या आत्याबाईंनी त्याला गूळ-पोळी चारली, कुंकू लावले आणि मामाजींना विचारले, “याची माय कोनं पाह्यली?” कोणीच पाहिली नव्हती. बाजारात माय येत नसते.

पहिली दोन वर्षे सगळे खूश होते, कारण वासरे दिसायला देखणी निघाली. खरी परीक्षा त्याच्या लेकी व्याल्या तेव्हा झाली, आणि ती सगळ्यात आधी धार काढणाऱ्या बायांना कळली. सड आखूड आणि जाड, मुठीत न बसणारे. वासरू तोंडाला लावले तरी पान्हा उशिरा सुटायचा. दोन-चार महिन्यांत दूध आटायचे. ज्या घरी आई वासराला पाजून घरापुरते दूध देत होती, तिथे लेक वासरापुरतेच देऊ लागली. विहिरीवर बोलताना एकीचे म्हणणे दुसरीशी जुळले, तेव्हा लक्षात आले की हे एका गायीचे दुखणे नाही, बापाकडून आलेले आहे. वळू स्वतः दूध देत नाही. तो आपल्या आईचे दूध लेकींना देतो. कासेची ठेवण, सडांची लांबी, पान्हा, स्वभाव हे सगळे त्याच्या अंगात असते, पण त्याच्या अंगावर दिसत नाही. म्हणून नुसते रूप पाहून घेतलेला वळू म्हणजे निम्मा पाहिलेला वळू.

त्यापुढचे नुकसान याहून मोठे होते. वळू चांगला दिसतो, अंगावर येत नाही, म्हणून त्याला कोणी हलवले नाही. देशी कालवड साधारण तीन वर्षांच्या सुमारास माजावर येते. त्याच्या लेकी माजावर आल्या तेव्हा कळपात वळू तोच होता. बापाकडून लेकीला झालेल्या वासरात अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्के असते. सावत्र बहीण-भावांच्या वासरात ते साडेबारा टक्के. हे आकडे मी नंतर पशुवैद्यकांकडून समजून घेतले, पण त्यांचा अर्थ आधीच गोठ्यात दिसत होता. वासरे जन्मतःच लहान, उठायला उशीर लावणारी. पहिल्याच पावसाळ्यात हगवणीने मरणारी. गायी फिरून फिरून माजावर यायच्या. त्यात या वळूचे दोन-तीन गोऱ्हे खच्ची न करता कळपातच फिरत होते, म्हणजे भाऊ-बहीणही सुटले नाहीत. गावात कोणी म्हणाले चाऱ्यात दोष, कोणी म्हणाले नजर लागली.

रक्ताचा दोष किती लांब जाऊ शकतो याचे जगातले एक मोठे उदाहरण अँगस गायींचे आहे. स्कॉटलंडमधली ही काळी, बिनशिंगी, मांसासाठी पाळली जाणारी जात. तिची वंशनोंदवही १८६२ पासून छापली जाते आणि तिच्यातला पहिल्या क्रमांकाचा वळू ‘ओल्ड जॉक’ आजही नावाने माहीत आहे. इतकी चोख नोंद ठेवणाऱ्यांनाही २००८ मध्ये मोठा धक्का बसला. अमेरिकेत काही अँगस वासरे वाकड्या पाठीची, आखडलेल्या पायांची आणि मेलेलीच जन्मू लागली. इलिनॉय विद्यापीठातले जोनाथन बीव्हर यांनी शोध घेतला, तेव्हा माग ‘जीएआर प्रिसिजन १६८०’ या अतिशय गाजलेल्या वळूपर्यंत गेला. त्याचे वीर्य देशभर वापरले गेले होते. दोष असा, की तो एकाच बाजूने आला तर जनावर ठणठणीत राहते. आई आणि बाप दोघांकडून आला तरच वासरू दगावते. दोष वाहणारी दोन जनावरे एकत्र आली की दर चार वासरांत सरासरी एक. तरीही अमेरिकेतले पशुपालक सावरले, कारण प्रत्येक गायीचा बाप-आजा कागदावर होता. चाचणी निघताच कोणाची तपासणी करायची हे त्यांना ठाऊक होते. आपल्याकडे असे काही उद्भवले तर माग काढायचा कुठून?

म्हणून वळू निवडायला निघालेल्यांना माझे पहिले सांगणे हे, की वळूच्या आधी आपली गाय ओळखा. गावात ही ओळख धार काढणाऱ्या बायांकडे असते. कोणती गाय कोणाची लेक, कोणाची नात, कोणत्या आजीचे दूध घट्ट होते, कोणती लाथ मारायची, हे त्यांना तोंडपाठ असते. वळू निवडायच्या बैठकीला त्यांना बोलवा, आणि त्या सांगतील ते वहीत उतरवा. गायीचे नाव, कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, आई, बाप, भरवल्याची तारीख, व्याल्याची तारीख, दूध. पिवळा बिल्ला आता बहुतेक जनावरांच्या कानात आहे. पण ‘भारत पशुधन’वर त्या क्रमांकापुढे बापाचा रकाना भरला जावा म्हणून आपणच मागे लागायचे असते.

मग ठरवा की तुम्हाला हवे काय. बैल हवेत की दूध? गवळाऊ आणि लाल कंधारी एका वेतात सरासरी ६०० किलोच्या आसपास दूध देतात, देवणी त्याहून जास्त. पण उन्हात शेतात राबणारा गोऱ्हा देण्यात गवळाऊ कमी नाही. दर तीन वर्षांनी मन बदलून आज गवळाऊ, उद्या देवणी, परवा गीर असे केले तर कळपात कोणताच गुण टिकत नाही. गावरान गायीवर एकाच जातीचे, पण दर वेळी वेगळ्या घराण्याचे वळू वापरत गेलात तर पहिल्या पिढीत त्या जातीचे रक्त ५० टक्के, दुसरीत ७५, तिसरीत साडेसत्त्याऐंशी टक्के होते. याला दहा-बारा वर्षे लागतात आणि धीर लागतो. चरायला माळावर जाणाऱ्या गायीला होल्स्टीन किंवा जर्सीच्या वीर्याची कांडी भरणाऱ्यांनी आधी आपल्याकडे बारमाही पाणी, हिरवा चारा आणि सावली आहे का ते पाहावे. नसेल, तर वैशाखात ती संकरित कालवड धापा टाकताना पाहणे फार जड जाते.

जातीचा वळू बाजारातून घेऊ नका, तो ज्या गोठ्यात जन्मला तिथून घ्या. गवळाऊसाठी वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीचे शासकीय पैदास केंद्र आहे. ते कारंजा घाडगे तालुक्यात, आपल्या कारंजा लाडजवळ नव्हे. खासगी पशुपालकाकडे गेलात तर संध्याकाळची धार पाहून परतू नका. मुक्काम करा, सकाळचीही पाहा. विकणारा आधीची धार तुंबवून कास फुगवून दाखवू शकतो. लागोपाठच्या दोन धारांत हे लपत नाही. आई निदान दुसऱ्या-तिसऱ्या वेताची असावी. सड हाताने धरून पाहा, कासेचे चारही भाग सारखे आहेत का बघा. वळूच्या सावत्र बहिणी त्याच गोठ्यात असतील तर त्यांनाही बघा, कारण एखादी आई गुणी निघणे हा योग असू शकतो, पण चार बहिणी सारख्या निघाल्या तर ते घराणे. वळू वयात आलेला असेल आणि त्याच्या लेकी दुधात असतील, तर त्यांच्याइतका पक्का पुरावा दुसरा कोणताच नाही.

रक्ततपासणीशिवाय वळू कळपात सोडू नका, मग तो कितीही मोठ्या घराण्याचा असो. ब्रुसेल्ला झालेला एक वळू गावभर गर्भपात पसरवतो. गायी सहा-सात महिन्यांच्या गाभण असताना गाभ टाकतात, आणि तो जार-गाभ उघड्या हाताने उचलणाऱ्या माणसालाही हा रोग होतो. आमच्याकडे हे काम बहुधा बायाच करतात. क्षयाची तपासणीही करून घ्या. आणि कालवड चार ते आठ महिन्यांची असताना तिला ब्रुसेल्लाची लस टोचा. ती आयुष्यात एकदाच द्यायची असते, वय उलटले की देता येत नाही.

कृत्रिम रेतन करत असाल तरी वंशाचा प्रश्न सुटला असे समजू नका. नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवलेली ती पाव मिलिलिटरची कांडी कोऱ्या कागदासारखी नसते. तिच्यावर वळूचा क्रमांक, जात आणि वीर्यकेंद्राची खूण छापलेली असते. रेतन करणाऱ्या भाऊंना अदबीने सांगा, “कांडी भरायच्या आधी दाखवा, आणि रिकामी झाली की मला द्या.” तो क्रमांक वहीत लिहा. तीन वर्षांनी त्या गायीची लेक माजावर येईल, तेव्हा तोच क्रमांक पुन्हा येत असेल तर नको म्हणा. डब्यात दुसरी कांडी नसेल, तर एकवीस दिवस थांबलेले बरे. लिंगनिर्धारित कांडीने नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडी होतात हे खरे. पण वाईट कासेच्या घराण्यातल्या वळूची कांडी असेल, तर वाईट कासेच्या कालवडीच भराभर वाढतील.

चिपचेही तसेच. ती आनुवंशिकता वाचते, पण वाचलेल्याचा अर्थ लागतो तो हजारो गायींच्या मोजलेल्या दुधावरून. ज्या जातीच्या दुधाच्या नोंदी जास्त, त्या जातीचा अंदाज पक्का. गवळाऊ आणि लाल कंधारीच्या गायी माळरानावर विखुरलेल्या, त्यांचे दूध बहुतेक घरातच संपते, मोजले जात नाही. पोहरादेवीला ज्याची घोषणा झाली त्याचा उपयोग पोहरादेवीच्या आसपासच्या गायींना व्हायचा असेल, तर महिन्यातून एकदा तरी मापाने दूध मोजून लिहायला आपण सुरुवात करायला हवी.

वळू आणला की पहिल्या वर्षीच दोन कामे करा. कळपातले बाकीचे गोऱ्हे वेळेत बर्डिझो चिमट्याने खच्ची करून घ्या. दवाखान्यात हे काम होते आणि जनावराला जखम होत नाही. दुसरे, वळू किती वर्षे ठेवायचा ते ग्रामसभेत किंवा तांड्याच्या बैठकीत आधीच ठरवून लिहून ठेवा. तीन वर्षे पुरेत. नंतर वीस-पंचवीस कोसांवरच्या, वेगळ्या रक्ताचा वळू असलेल्या गावाशी अदलाबदल करा. चांगला वळू त्या गावात नवाच असतो, आणि वर्गणी पुन्हा काढावी लागत नाही.

वळू पाहायला जायचे तर श्रावण-भाद्रपदात जाऊ नका. तेव्हा हिरवा चारा असतो, प्रत्येक गाय तुकतुकीत दिसते, प्रत्येकीला दूध असते. चैत्र-वैशाखात जा. कडबा संपत आलेला, माळ करपलेला, पाणी एक वेळ. अशा दिवसांत वळूची आई हाडावर आली आहे की अंग धरून आहे, ती वासराला अजून पाजते का, आणि तिची धार आटली असेल तर व्यायल्यापासून कितव्या महिन्यात आटली, हे त्या घरातल्या धार काढणाऱ्या बाईला विचारा, मालकाला नव्हे.