आटे मोजून भागत नाही

प्रश्न : माझ्या गाडीचा पुढच्या चाकाचा टाय रॉड एंड नुकताच बदलला. दोन गोष्टी कळल्या नाहीत. मिस्त्रींनी नट सैल केला आणि एंडला हात न लावता तो ज्यात बसतो त्या लोखंडाला बाजूने हातोडीचे दोन दणके दिले. एंड टपकन सुटला. हे कसं? दुसरं म्हणजे, जुना एंड जितके आटे फिरून निघाला तितकेच मोजून त्यांनी नवा बसवला, तरी वर ‘अलाइनमेंट करून घ्याच’ म्हणाले. मोजून बसवल्यावर हा खर्च कशाला?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुम्ही गॅरेजमध्ये नुसते बाकावर बसून न राहता वाकून पाहिलंत, म्हणून तर असे प्रश्न पडले.

आधी हातोडी. घरात स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले की आपण ओढत बसत नाही, बाहेरच्या पेल्याला बाजूने टिचकी मारतो. इथेही तेच. एंडचा खिळा सरळ नसतो, निमुळता असतो आणि चाक वळवणाऱ्या नकलमधलं भोकही तसंच निमुळतं असतं. नट आवळला की खिळा भोकात गच्च रुततो. चाकाचा जोर पेलते ती ही पकड. नट ती सुटू देत नाही, एवढंच. खिळ्यावर वरून ठोकलं तर त्याचे आटे चेपतात आणि पकड तशीच राहते. बाजूने दणका बसला की भोक क्षणभर किंचित लंबगोल होतं आणि रुतलेला खिळा मोकळा होतो. नट दोन आट्यांवर तसाच ठेवून ठोकतात, म्हणजे एंड खाली आदळत नाही.

जुना एंड मागून घेतलात का? नसेल तर पुढच्या वेळी जरूर घ्या. शाळेच्या पुस्तकात खांद्याचा उखळीचा सांधा वाचला होता, तोच हा, लोखंडात केलेला : घोटीव पोलादी गोळी, तिच्याभोवती प्लॅस्टिकची वाटी, ग्रीस आणि वरून रबरी बूट. नव्या एंडचा खिळा बोटांनी हलवायला चांगला जोर लागतो. झिजलेल्याचा खिळा एंड तिरका केला की स्वतःच्या वजनाने लवंडतो. आणि बहुतेक वेळा मूळ दुखणं बुटात असतं. त्याला नखाएवढी चीर पडली की पावसाचं पाणी आणि माती आत जाते, ग्रीसमध्ये मिसळून त्याचा खरवडणारा लेप होतो आणि गोळी-वाटी एकमेकांना खातात. तुमच्याकडच्या लाल मातीत हे वेगळं सांगायला नको. दर सर्व्हिसिंगला बूट पाहायला सांगा, बाकी काही राहिलं तरी चालेल.

आता आटे. ते मोजले हे योग्यच केलं, कारण त्यामुळे गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नीट जाते. पण पुढे ते पुरत नाहीत. नव्या एंडमध्ये आट्यांपासून गोळीच्या मध्यापर्यंतचं अंतर जुन्याइतकंच असेल, याची खात्री नसते. जुन्यात खेळ आलेला होता, म्हणजे आधीचं मापही त्या ढिलाईसकट घेतलेलं असू शकतं. शिवाय एंड रॉडवर पक्का करणारा लॉकनट आवळताना रॉड थोडा फिरतो.

थोड्याने काय होतं, हे आकड्यांत पाहा. एका आट्याचं अंतर दीड मिलिमीटर धरा आणि नकलची भुजा १२ सेंटिमीटर. एंड एक फेरा चुकला तर चाक जवळजवळ पाऊण अंश वळतं. ५८ सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर पुढच्या आणि मागच्या कडेत हा फरक ७ मिलिमीटर भरतो, आणि चाकांच्या या आत-बाहेर कलाला, म्हणजे टोला, मुभा साधारण एक-दोन मिलिमीटरची असते. अशा दोन चाकांच्या वाटा एका किलोमीटरमध्ये साडेबारा मीटरने फाकायला किंवा जवळ यायला बघतात. दोन्ही एकाच गाडीला बांधलेली, त्यामुळे ती जाणार कुठे? रबर रस्त्यावर घासत राहतं आणि काही हजार किलोमीटरांत टायर एका कडेने खाल्ला जातो. अलाइनमेंटचे पैसे टायरच्या जोडीपुढे किरकोळ आहेत.

दुसऱ्या बाजूचाही एंड बदलावा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. आधी तपासा. चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, डावी-उजवीकडून धरून हलवा. टकटक जाणवली आणि एंड हलताना दिसला, तर बदला. खेळ वर-खाली धरल्यावर लागत असेल, तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा बेअरिंग पाहावं लागेल.

आणि एक. तुमच्या एंडला खाचांचा नट असेल, तर त्यात आडवी पिन हवी, नवीन, टोकं वाकवलेली. भोक जुळलं नाही तर नट आणखी आवळून जुळवतात, सैल करून कधीच नाही. आज घरी गेलात की चाक पूर्ण वळवून टॉर्चने ती पिन बघा, आणि दिसली नाही तर गाडी पुढे नेण्याआधी मिस्त्रींना बोलवा.