मुलांचा संधिज्वर : सांधे बरे होतात, हृदयाचे काय?

शाळकरी मुलाचा गुडघा सुजला, की खेळताना लागले असेल असे समजून घरी लेप लावला जातो. चार दिवसांत गुडघा उतरतो आणि घोटा किंवा कोपर दुखू लागते. काही आठवड्यांत सर्व सांधे पूर्ववत होतात व दुखणे विसरले जाते. परंतु ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांमधील असे फिरते सांधेदुखणे व ताप ही संधिज्वराची लक्षणे असू शकतात. या रोगात सांधे सुधारतात. हृदयाला मात्र कायमची इजा पोहोचू शकते.

रोगाचे मूळ घशात असते. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा सुजल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटते. हृदयाच्या झडपांचा दाह होतो. धाप लागत नाही, तपासणीत वेगळा आवाजही ऐकू येत नाही, अशा अवस्थेतही हा दाह असू शकतो. डॉ. डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये सुचविलेल्या निदानाच्या निकषांत २०१५ साली सुधारणा होऊन, इको तपासणीत दिसणाऱ्या या छुप्या दाहाचाही समावेश झाला.

घसा पुन्हा बिघडल्यास ज्वर उलटतो आणि झडपा अधिकच निकामी होतात. यावर उपाय आहे. बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी, किमान पाच वर्षे किंवा वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत, यांपैकी जो काळ अधिक असेल तोपर्यंत द्यावे लागते. हृदयास इजा झाली असल्यास हा काळ आणखी वाढतो.

खरी अडचण येथेच आहे. मूल हिंडू-फिरू लागले की इंजेक्शन कशाला, असे पालकांस वाटते. ऊसतोडणीसाठी कुटुंब गाव सोडते, तेव्हा तर उपचारात हमखास खंड पडतो. अशा मुलांची नोंद शाळेने ठेवावी, पुढील इंजेक्शनच्या तारखेची पालकांना आठवण द्यावी आणि स्थलांतराच्या वेळी उपचाराचे कार्ड सोबत जाईल हे पाहावे.

२०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या हृदयविकाराच्या तपासणीचा समावेश आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी सांधेदुखीने गैरहजर राहणारे मूल आवर्जून बोलावून घ्यावे. सहा आठवड्यांहून अधिक टिकणारी सूज हा निराळा संधिवात असू शकतो. त्यासही तज्ज्ञांची तपासणी हवी.

घसादुखीवर वेळीच उपचार आणि इंजेक्शनची न चुकणारी तारीख, एवढ्या दक्षतेने गावातील एखाद्या मुलाचे हृदय आयुष्यभरासाठी वाचू शकते.