पडद्यावरचा राजा, मतपेटीतला राजा : एम. जी. आर. यांचे तीन चित्रपट



मंडळाच्या बैठकीत नाटक-सिनेमाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. तमिळनाडूत नट मुख्यमंत्री कसे काय होतात? मग कोणीतरी लगेच उत्तर देऊन टाकतं, "तिथले लोक सिनेमावेडे, आणखी काय!" उत्तर सोपं आहे, म्हणूनच मला ते पटत नाही. वेडापायी माणूस तिकीट काढेल, फार तर पोस्टरला हार घालेल. पण लागोपाठ तीन निवडणुकांत राज्य हातात देणं ही निराळी गोष्ट आहे.

मरुदूर गोपालन रामचंद्रन, म्हणजेच एम. जी. आर., यांनी शंभराहून अधिक चित्रपटांत काम केलं. दिग्दर्शन मात्र तीनच चित्रपटांचं केलं : १९५८, १९७३ आणि १९७८. ही तीन वर्षं त्यांच्या राजकारणाशेजारी ठेवून पाहिली, की आपल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर हाती येतं.

१. कंपनीतला पोरगा

एम. जी. आर. यांचा जन्म १७ जानेवारी १९१७ चा, श्रीलंकेत, कँडीजवळच्या नावलपिटिया गावी. घराणं मल्याळी. वडील लवकर गेले आणि आई मुलांना घेऊन कुंभकोणमला आली. आपण मराठी माणसं ज्या तंजावरला व्यंकोजीराजांमुळे ओळखतो, त्याच मुलखातलं हे गाव. गरिबीमुळे शाळा सुटली आणि थोरला भाऊ चक्रपाणी यांच्यासोबत हा मुलगा 'मदुराई ओरिजिनल बॉइज कंपनी'त दाखल झाला. नाटक कंपनी म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. गाणं, तलवारबाजी, पाठांतर, आणि मुख्य म्हणजे दोन वेळचं जेवण. पोटासाठी नट झालेला हा मुलगा आहे, एवढं लक्षात ठेवा. पुढे याचा संबंध येणार आहे.

१९३६ मध्ये 'सती लीलावती'त छोटी भूमिका मिळाली. दिग्दर्शक होते एलिस डंगन, अमेरिकन गृहस्थ. नायक व्हायला मात्र १९४७ चा 'राजकुमारी' उजाडावा लागला. म्हणजे अकरा वर्षं वाट पाहणं. 'राजकुमारी'चे संवाद लिहिण्यात एका तरुण लेखकाचा हात होता : मु. करुणानिधी. एक पुढे मुख्यमंत्री झाला, दुसराही झाला, आणि दोघं एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी झाले.

२. १९५८ : वचन

सी. एन. अण्णादुराई यांनी १९४९ मध्ये द्रविड मुन्नेत्र कळघम स्थापन केला. स्वतः अण्णा नाटककार, पटकथाकार. १९५३ मध्ये एम. जी. आर. या पक्षात आले. पाच वर्षांनी त्यांनी स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या दिग्दर्शनाखाली 'नाडोडी मन्नन' काढला. 'नाडोडी' म्हणजे भटक्या, 'मन्नन' म्हणजे राजा. दोन्ही भूमिका त्यांच्याच.

कथेचं मूळ 'द प्रिझनर ऑफ झेंडा' या इंग्रजी कादंबरीच्या वळणाचं आहे. राजासारखाच दिसणारा सामान्य माणूस काही काळ सिंहासनावर बसतो. पण मूळ गोष्टीतला तोतया सिंहासन फक्त राखतो, एम. जी. आर. यांचा वीरांगन ते वापरतो. तो आधीपासूनच जनतेच्या लढ्यातला माणूस आहे, आणि गादीवर बसताच गोरगरिबांसाठी नवे कायदे जाहीर करतो. बघा, इथे सिनेमाचं काम बदललं. जाहीरनामा भाषणातून ऐकू येण्याआधी डोळ्यांना दिसला. निर्मिती संस्थेच्या बोधचिन्हात एक स्त्री आणि एक पुरुष हातात पक्षाचा झेंडा धरून उभे होते. तेव्हा संदेश कोणाचा, हे प्रेक्षकाला विचारावं लागत नव्हतं.

दिग्दर्शक म्हणूनही हा माणूस कच्चा नव्हता. नायिका भानुमती मतभेदांमुळे चित्रपट अर्ध्यावर सोडून गेल्या. त्यांनी ते पात्र कथेतच मारलं आणि उत्तरार्धात बी. सरोजादेवींना आणलं. हा शेवटचा भाग रंगीत आहे. साडेतीन तासांहून लांब असा हा चित्रपट तुफान चालला.

३. मधला प्रसंग : गळ्यातलं बँडेज

१२ जानेवारी १९६७ रोजी सहकलाकार एम. आर. राधा यांनी एम. जी. आर. यांच्यावर गोळी झाडली. ते वाचले, पण आवाज कायमचा बिघडला. निवडणूक तोंडावर होती. परंगीमलै मतदारसंघात त्यांचं गळ्याला पट्टी बांधलेलं छायाचित्र गावभर लागलं. ('परंगी' म्हणजे आपला 'फिरंगी'च, हा मद्रासचा सेंट थॉमस माउंट.) उमेदवार इस्पितळात, तरी तो निवडून आला, आणि द्रमुकही प्रथमच सत्तेवर आला. चित्रपटात मार खाऊन उठणारा नायक लोकांनी वीस वर्षं पाहिला होता. आता तो खरोखरच उठला होता.

४. १९७३ : फारकत

१९६९ मध्ये अण्णा गेले, करुणानिधी मुख्यमंत्री झाले. एम. जी. आर. पक्षाचे खजिनदार होते. त्यांनी पक्षातल्या लोकांचा हिशेब जाहीरपणे मागितला आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये पक्षाबाहेर काढले गेले. त्याच महिन्याच्या १७ तारखेला त्यांनी अण्णांच्याच नावाने नवा पक्ष काढला.

त्यांचा दुसरा दिग्दर्शित चित्रपट 'उलगम सुट्रुम वालिबन' (जगप्रवासी तरुण) ११ मे १९७३ ला लागला. जपानमधलं 'एक्स्पो ७०', हाँगकाँग, बँकॉक असा प्रवास घडवणारा हा रंगीत चित्रपट. विजेची शक्ती साठवण्याचा शोध लावणारा शास्त्रज्ञ तो शोध विध्वंसासाठी देत नाही, असं कथानक. यात कायदे नाहीत. पण पक्षाविना हा माणूस उभा राहतो का, हाच तेव्हा प्रश्न होता, आणि थिएटरबाहेरच्या रांगांनी उत्तर दिलं. त्याच महिन्यात दिंडीगुलची लोकसभा पोटनिवडणूक झाली. नव्या पक्षाचे माया तेवर 'दोन पानं' या चिन्हावर जिंकले.

५. १९७८ : राज्याभिषेक

३० जून १९७७ रोजी एम. जी. आर. मुख्यमंत्री झाले. तिसरा आणि शेवटचा दिग्दर्शित चित्रपट जानेवारी १९७८ मध्ये आला : 'मदुरैयै मीट्ट सुंदरपांडियन', म्हणजे मदुरै परत मिळवणारा सुंदरपांड्य. आधार ज्ञानपीठ विजेते कादंबरीकार अकिलन यांची 'कयलविळी'. पहिल्या चित्रपटात सामान्य माणूस काही दिवसांपुरता राजा होतो. शेवटच्या चित्रपटातला नायक राजाच असतो, आणि तो लागला तेव्हा नट खुर्चीत बसलेला होता. यानंतर दिग्दर्शन करायचं त्यांना कारणच उरलं नसावं, असं मला वाटतं.

६. हिशेब

आता खरा प्रश्न. वीरांगनाने पडद्यावर दिलेलं वचन मुख्यमंत्र्याने पाळलं का?

एका बाबतीत, हो. १ जुलै १९८२ रोजी गावोगावच्या मुलांसाठी पौष्टिक दुपारच्या जेवणाची योजना सुरू झाली. कामराजांनी १९५६ मध्येच शाळेत जेवण दिलं होतं, एम. जी. आर. यांनी ते फार मोठ्या प्रमाणावर नेलं. राज्याला हे परवडणार नाही, अशी टीका झाली. पुढे १९९५ मध्ये देशभर तशी योजना आली. आपल्यापैकी कित्येकांनी सरकारी शाळेत मध्यान्ह भोजनाचं, बेळगावकडे 'अक्षरदासोह'चं, ताट पुढ्यात घेतलंय. नाटक कंपनीतला तो भुकेला पोरगा इथे आठवावा.

दुसऱ्या बाबतीत, नाही. पडद्यावर ते सहसा दारूला शिवत नसत. सुरुवातीला त्यांनी दारूबंदी कडक राबवली, पण नंतर ती सैल झाली आणि १९८३ मध्ये दारूच्या घाऊक व्यापारासाठी 'टास्मॅक' ही सरकारी कंपनी निघाली. अभ्यासक एम. एस. एस. पांडियन यांनी १९९२ च्या 'द इमेज ट्रॅप' या पुस्तकात नेमकं यावर बोट ठेवलंय : ज्या गरिबांनी त्यांना देव मानलं, त्यांच्याच खिशातून करांच्या रूपाने बराच पैसा गेला.

१९८४ च्या निवडणुकीत ते न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या रुग्णालयात होते. तिथली त्यांची दृश्यं तमिळनाडूत दाखवली गेली. प्रचाराला एकदाही न येता ते जिंकले. २४ डिसेंबर १९८७ ला, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, त्यांचं निधन झालं.

तेव्हा "लोक वेडे" म्हणून विषय मिटत नाही. लोकांनी एक गोष्ट वाचली, तिच्यावर विश्वास ठेवला, आणि तिच्यातलं काही खरंही झालं. चुकलं असेल तर इतकंच, की गोष्ट आवडली म्हणून पुढचा हिशेब मागायचा राहिला. खुद्द एम. जी. आर. यांचा पक्ष मात्र हिशेब मागण्यातूनच जन्मला होता. आपण साहित्याचे विद्यार्थी. पात्र आणि नट यांतला फरक ओळखायला आपल्याला वर्गात शिकवतात. तो फरक मतदान केंद्रावरही आठवला, तर शिकवलेलं कामी आलं म्हणायचं.

चर्चेसाठी

१. 'नाडोडी मन्नन'मध्ये तोतया राजा कायदे करतो. मूळ कथेतल्या या एका बदलामुळे अर्थ कसा बदलतो?

२. १९६७ चं छायाचित्र आणि १९८४ ची रुग्णालयातली दृश्यं यांत साम्य काय, फरक काय?

३. चांगली योजना आणि अप्रामाणिक प्रतिमा एकाच नेत्याकडे असू शकतात का? दोन्ही बाजूंनी बोला.