भाड्याचा सर्व्हर : एक धडा

माझे घर साताऱ्यात, मामाचे सांगलीत. मधे सुमारे सव्वाशे किलोमीटरांचा रस्ता. दोन्हीकडचे पाणी मात्र एकाच कृष्णेचे. गेल्या दिवाळीत मी, सांगलीचा मामेभाऊ आणि आमचे मित्र अशा आठ जणांनी वर्गणी काढून ‘माइनक्राफ्ट’ या खेळासाठी महिन्याच्या भाड्याने सर्व्हर घेतला. साताऱ्याच्या मंडळींनी अजिंक्यतारा उभारायचा आणि सांगलीकरांनी १९२९ चा आयर्विन पूल, असा बेत ठरला.

सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू राहणारा दूरचा संगणक. खेळातले जग त्याच्यावर नांदते. आपल्या यंत्रावर फक्त त्याचे दर्शन घडते. घरच्या संगणकावरही हे साधते, पण वीज गेली की सर्वांचाच खेळ बंद. म्हणून भाड्याची जागा.

ती जागा कोठे असावी, हा पहिला प्रश्न. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे दर हजार किलोमीटर अंतरामागे जाण्यायेण्यास १० मिलिसेकंद लागतात. हा सर्व्हर जगाचा हिशेब सेकंदातून २० वेळा, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी करतो. युरोपातील यंत्र घेतले तर निव्वळ प्रवासातच याहून अधिक वेळ जातो. आम्ही मुंबईचे घेतले.

दुसरी गोष्ट भाराची. खेळाडूभोवतीचे जग सोळा बाय सोळा ठोकळ्यांच्या तुकड्यांनी पुरवले जाते. दृष्टीची मर्यादा मुळात १० तुकडे असते. तेव्हा एका खेळाडूमागे ४४१ तुकडे सांभाळावे लागतात. ती ६ वर आणली की १६९ च उरतात. एवढ्या बदलाने आमचा अडखळणारा खेळ सुरळीत झाला.

या यशाने मी निर्धास्त झालो, आणि तेथेच चुकलो. प्रवेशाची यादी, जिला ‘व्हाइटलिस्ट’ म्हणतात, ती मुळात बंद असते. मी ती चालू केलीच नाही. अशा सर्व्हरचे दार सहसा २५५६५ या ठरलेल्या क्रमांकावर असते आणि ती दारे ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम जगभर चालू असतात. एके रात्री कोणी अनोळखी आत शिरला. सकाळी पाहतो तो पुलाच्या जागी सुरुंगांचे खड्डे! नक्कल ठेवलेली नव्हती. मामेभावाने सबंध सुट्टी कमानी रचण्यात घालवली होती. फोनवर तो एवढेच म्हणाला, “दादा, कुलूप लावलं होतंस ना?” मला उत्तर सुचले नाही.

वाचकमित्रहो, म्हणून क्रम सांगतो. प्रथम यादी चालू करा, त्यात नावे घाला, मगच पत्ता वाटा. सर्वाधिकार दोघांपलीकडे देऊ नका. रोज ‘सेव्ह-ऑफ’ आणि ‘सेव्ह-ऑल’ या आज्ञा देऊन जगाच्या फोल्डरची नक्कल काढा. नंतर ‘सेव्ह-ऑन’ विसरू नका. ती नक्कल त्याच भाड्याच्या यंत्रावर न ठेवता घरी आणा आणि ती उघडते की नाही, हे एकदा पडताळून पाहा.

यंत्र भाड्याचे असते, पण त्यावर खर्ची पडलेले श्रम कोणाच्या तरी सुट्टीचे असतात. ते राखण्याची जबाबदारी भाड्याने देता येत नाही. पूल आता पुन्हा उभा राहतो आहे. या खेपेस सांगलीकरांच्या हाताखाली विटा वाहायला मी आहे.