जुना कॉम्प्युटर स्टुडिओत जोडताय? खर्चाचा हिशेब आधी मांडा

ट्रॅक वाढले, त्यावर रिव्हर्ब आणि सॅम्पल केलेली वाद्यं चढली, की चांगला कॉम्प्युटरही दमतो आणि आवाज तडतडू लागतो. अशा वेळी जड प्लगइन घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवता येतात. आवाज नेटवर्क केबलमधून तिकडे जातो आणि प्रक्रिया होऊन परत येतो.

आधी फुकटचे उपाय
तयार झालेले ट्रॅक फ्रीझ करा. मिक्सिंगच्या वेळी बफर १०२४ सॅम्पलपर्यंत वाढवा. एवढ्यावर भागत असेल, तर पुढचा खर्च करूच नका.

जोडणी : साधारण २०० ते ३,००० रुपये
दोन कॉम्प्युटर एका कॅट-६ केबलने थेट जोडता येतात. तिसरा आला तर गिगाबिट स्विच लागतो आणि लॅन पोर्ट नसलेल्या लॅपटॉपला यूएसबी अडॅप्टर. ४८ किलोहर्ट्झ, ३२ बिटचा एक स्टिरिओ ट्रॅक सेकंदाला जेमतेम ३ मेगाबिट घेतो, त्यामुळे गिगाबिट केबल पुरून उरते. वायफायवर मात्र विसंबू नका. तिथे वेग मिळाला तरी डेटा एकसारखा येत नाही आणि आवाज तुटतो.

सॉफ्टवेअर : शून्यापासून पुढे
ऑडिओग्रिडर मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. मोठा वाद्यवृंद कायम लोड करून ठेवायचा असेल, तर व्हिएन्ना आन्सांबल प्रो हे विकतचं सॉफ्टवेअर त्यासाठीच बनलेलं आहे. घेण्याआधी एका लायसन्सवर किती कॉम्प्युटर चालतात ते जरूर विचारा.

खरा खर्च इथे
प्लगइन दुसऱ्या कॉम्प्युटरवरही इन्स्टॉल करावं लागतं आणि तिथे त्याचं लायसन्स लागतं. काही कंपन्या एका खरेदीत दोन मशीन चालू देतात, काही देत नाहीत. आयलॉकच्या डोंगलवर लायसन्स असेल, तर डोंगल जिथे लावाल तिथेच प्लगइन उघडतं. सॅम्पल वाद्यांसाठी दुसऱ्या मशीनमध्ये भरपूर रॅम आणि एसएसडीही हवी. एकूण खर्चातला मोठा वाटा बहुधा इथेच जातो, म्हणून प्लगइनची यादी करून प्रत्येकाची अट आधी वाचा.

वीज
१०० वॅट खाणारं मशीन रोज आठ तास, महिन्याला २५ दिवस चाललं तर २० युनिट होतात. दहा रुपये दर धरला तर २०० रुपये.

रेकॉर्डिंगची मर्यादा
४८ किलोहर्ट्झवर ५१२ सॅम्पलचा एक बफर म्हणजे जवळपास ११ मिलिसेकंद. नेटवर्कमुळे असा उशीर वाढत जातो आणि हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून आला की गायक अडखळतो. म्हणून गाताना-वाजवताना ऐकायचा ट्रॅक मुख्य मशीनवरच ठेवा आणि दुसऱ्याकडे मिक्सिंगचं काम द्या.

सुरुवात एक केबल, ऑडिओग्रिडर आणि तुमचा सर्वांत जड जुना प्रोजेक्ट घेऊन करा. मुख्य मशीनचा भार स्पष्ट उतरला, तरच लायसन्स आणि रॅमवर पैसे घाला. फरक पडला नाही, तर तेच पैसे मुख्य कॉम्प्युटरसाठी राखून ठेवा.