हरकत घ्यायची आहे

आपण ज्या घरात राहतो, त्या घरासाठी दरवर्षी काही रक्कम द्यावी लागते. शहरात ती महानगरपालिका किंवा नगरपरिषद घेते, खेड्यात ग्रामपंचायत घेते. लोक तिला घरपट्टी म्हणतात. सरकारी कागदावर मात्र 'मालमत्ता कर' असे लिहिलेले असते. हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. 'माल-ओ-मताअ' मराठीत आला आणि 'मालमत्ता' झाला.

घरपट्टीच्या कागदात असे ओळखीचे शब्द पुष्कळ सापडतात. अर्ज, तारीख, रक्कम, बाकी, दाखल, नक्कल. ओळखीचे म्हणून आपण ते भराभर वाचतो. पण त्यांतले काही शब्द आपल्याला चकवतात. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल किंवा वागणे. मराठीत 'हरकत' म्हणजे आक्षेप. 'हे मला मान्य नाही' असे सांगणे म्हणजे हरकत घेणे. उर्दूत 'मुद्दत' म्हटले की लांबलचक काळ डोळ्यांपुढे येतो. मराठी कागदावरची 'मुदत' मात्र ठरावीक दिवसांची असते. 'तक्रार' म्हणजे भांडण नव्हे, तर गाऱ्हाणे. आता हे वाक्य वाचा : "हरकत असल्यास ती मुदतीत लेखी दाखल करावी." या एका वाक्याचा अर्थ न कळल्यामुळे घराचे पैसे जाऊ शकतात.

यंत्रमागाच्या गावातले एक घर डोळ्यांसमोर आणा. घर दादीच्या नावावर आहे. मुलगा दिवसभर कारखान्यात असतो. घरात मराठी नीट वाचता येते ते फक्त नातीला. ती नववीत आहे. एके दिवशी पालिकेचा शिपाई एक कागद देऊन जातो. दादी म्हणते, "बिल आले असेल. ठेव तिथे. पगार झाला की भरू."

नात कागद वाचते. ते बिल नसते. वर 'विशेष नोटीस' असे छापलेले असते. तुमच्या घराचे करयोग्य मूल्य वाढवण्यात आले आहे, असे त्यात लिहिलेले असते. खाली एक छोटा तक्ता असतो.

हे करयोग्य मूल्य म्हणजे काय? घराची बाजारातली किंमत नव्हे. हे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल, याचा पालिका अंदाज करते. त्यासाठी घर मोजतात. क्षेत्रफळाला दर चौरस मीटरच्या दराने आणि बारा महिन्यांनी गुणतात. त्यातून दुरुस्तीखर्चासाठी दहा टक्के वजा करतात. उरते ते करयोग्य मूल्य. त्यावर टक्केवारीने कर बसतो. सामान्य कर, पाणीपट्टी, सफाई कर, शिक्षण कर अशा अनेक ओळी बिलावर दिसतात. त्या सगळ्या या एकाच आकड्यावर उभ्या असतात. तो आकडा चुकला, की खालची प्रत्येक ओळ चुकते. आणि तो दरवर्षी नव्याने काढत नाहीत, म्हणून चूक पुढच्या वर्षाच्या बिलातही उतरते.

नातीच्या हातातल्या तक्त्यात असे लिहिले होते : निवासी ४५ चौरस मीटर, बिगरनिवासी १५ चौरस मीटर, एकूण ६०. दर गावोगाव वेगळे असतात. आपण हिशेबासाठी निवासी दर महिन्याला चौरस मीटरमागे १२ रुपये, बिगरनिवासी दर ३० रुपये आणि सगळे कर मिळून ४० टक्के धरू.

निवासी भागाचे वर्षाचे भाडे ६,४८० रुपये. बिगरनिवासी भागाचे ५,४०० रुपये. एकूण ११,८८० रुपये. दहा टक्के वजा केले की करयोग्य मूल्य १०,६९२ रुपये. त्यावर कर ४,२७६ रुपये ८० पैसे.

नातीने शेजाऱ्याकडून मोजपट्टी आणली. भाऊ एक टोक धरून उभा राहिला. खोल्यांची लांबी-रुंदी त्यांनी वहीत लिहिली. राहत्या खोल्या ३५ चौरस मीटरच भरल्या. मग बाकीचे १० कुठून आले? मागच्या अंगणातून! तिथे पावसाळ्यापुरती ताडपत्री बांधलेली असते. मोजणीच्या दिवशी ती बांधलेली होती. मोजणाऱ्याने तिला छप्पर समजून अंगणाची खोली केली. आणि १५ मीटरची बिगरनिवासी खोली? तिथे पूर्वी दोन माग चालत. माग केव्हाच विकले. आता तिथे दोघे भाऊ झोपतात.

म्हणजे खरे घर ५० चौरस मीटरचे आणि सगळे निवासी. भाडे ७,२०० रुपये, करयोग्य मूल्य ६,४८० रुपये, कर २,५९२ रुपये. फरक १,६८४ रुपये ८० पैशांचा. तोही दरवर्षी.

दादी म्हणाली, "सरकारी लोकांनी मोजले आहे. त्यांना कोण खोटे म्हणणार?"

पुष्कळ घरांत हेच म्हणतात. पण इथे कोणाला खोटे म्हणायचेच नसते. मोजणारा माणूस एका दिवसात कितीतरी घरे पाहतो. कुठे दार बंद असते, कुठे आत येऊ देत नाहीत. त्याचा आकडा चुकू शकतो, हे कायद्यालाही ठाऊक आहे. म्हणूनच बिल पक्के होण्याआधी नोटीस द्यावी लागते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या करविषयक नियमांनुसार, नव्याने नोंदलेल्या किंवा मूल्य वाढवलेल्या घराला विशेष नोटीस मिळते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत हरकत घेता येते. नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती यांचे नियम वेगळे आहेत. म्हणून आपल्या नोटिशीवरची तारीख आधी पाहावी.

हरकतीच्या अर्जात काय लिहावे? 'कर फार झाला, आम्ही गरीब आहोत' असे लिहून काम होत नाही. घर गरिबाचे की श्रीमंताचे, हे या तक्त्यात नसतेच. तक्त्यातली कोणती नोंद चुकली आणि खरी कोणती, ते लिहावे. नातीने लिहिलेला अर्ज असा होता :

प्रति,
मा. आयुक्त,
महानगरपालिका.

विषय : घर क्रमांक ........ च्या करयोग्य मूल्याबाबत हरकत.

महोदय,

वरील घराची विशेष नोटीस मला दिनांक ........ रोजी मिळाली. त्यातील पुढील नोंदी मला मान्य नाहीत.

निवासी क्षेत्र ४५ चौरस मीटर दाखवले आहे. प्रत्यक्षात ते ३५ चौरस मीटर आहे. मागील १० चौरस मीटर जागा हे उघडे अंगण असून त्यावर कायमचे छप्पर नाही.

१५ चौरस मीटरची खोली बिगरनिवासी दाखवली आहे. त्या खोलीत आता यंत्रमाग नाहीत. ती राहण्यासाठी वापरली जाते.

तरी जागेची पुन्हा पाहणी करून करयोग्य मूल्य दुरुस्त करावे, ही विनंती. सोबत घराचा हातनकाशा आणि नोटिशीची नक्कल जोडली आहे.

आपली विश्वासू,
........

अर्जाखाली दादीने सही केली. अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक कार्यालयात दिली आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतला. या दुसऱ्या प्रतीला 'पोच' म्हणतात. पोच नसेल तर अर्ज मुदतीत दिला होता, हे पुढे सिद्ध करणे अवघड जाते.

सुनावणीची तारीख आली. त्या दिवशी हजर राहणे फार गरजेचे असते. अर्जदार आला नाही, तर त्याच्या गैरहजेरीतही निर्णय देता येतो. दादी आणि नात दोघी गेल्या.

अधिकारी म्हणाले, "आजी, अंगणाचे पटले. नकाशा आणि जागा जुळतात. ते दहा मीटर काढतो. पण मागाच्या खोलीचे काय? त्या खोलीचा वीजमीटर यंत्रमागाचाच आहे, असे पाहणीत लिहिले आहे."

नात म्हणाली, "साहेब, मीटर भिंतीवर आहे, पण माग नाहीत. आता तिथे माझे भाऊ झोपतात."

"बेटा, तू खरे सांगत असशील. पण मला कागद लागेल. जोडणी बंद केल्याचा दाखला आणा. आठ दिवसांनी पुन्हा पाहणी ठेवतो."

अधिकाऱ्यांचे म्हणणे रास्त होते. माग विकले, पण जोडणी बंद करण्याचा अर्ज घरात कोणी दिलाच नव्हता. मुलाने एक दिवस सुट्टी घेतली. वीज कार्यालयात जुनी बाकी भरली आणि दाखला आणला. पाहणी झाली. खोलीची नोंद 'निवासी' झाली. एवढे दिवस धावपळ केली नसती, तर केवळ अंगण वगळून कर ३,७५८ रुपये ४० पैसे झाला असता.

हरकत फेटाळली गेली तर? मग न्यायाधीशांकडे अपील करता येते. त्यासाठी तीन अटी आहेत. आधी हरकत घेतलेली असली पाहिजे. अपील पंधरा दिवसांत केले पाहिजे. आणि मागणीचा कर आधी भरलेला असला पाहिजे. 'आता कशाला, पुढे कोर्टात पाहू' असे म्हणून जो हरकतीची तारीख घालवतो, त्याला पुढे अपीलही अवघड होते. वाद चालू आहे म्हणून बिल थकवणेही बरे नाही. महानगरपालिकेत हा कर वर्षातून दोनदा, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर रोजी आगाऊ देय होतो. वेळेत न भरल्यास दरमहा दोन टक्के दंड लागतो.

सगळीकडे भाड्यावरूनच कर काढतात असे नाही. मुंबईत २०१० पासून घराच्या भांडवली मूल्यावर, म्हणजे किमतीवर, कर बसतो. तिथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा कर २०२२ पासून माफ आहे. त्याच वर्षी मुंबईच्या नियमांबद्दलचा एक मोठा वाद सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. जमिनीवर पुढे किती बांधकाम होऊ शकेल हे धरून आज कर लावता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. अंगणातल्या ताडपत्रीचा वाद लहान आणि हा मोठा, पण दोन्हींत प्रश्न एकच होता : जागेवर आज काय आहे? पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत मिळते. ती मध्यंतरी बंद झाली होती, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. अशा सवलतीसाठीही पुष्कळदा अर्ज करावा लागतो.

दादीच्या घरी दुरुस्त केलेले बिल आले. तिने ते नातीपुढे ठेवले आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून घेतले. मग नोटीस, पोच, वीज कार्यालयाचा दाखला आणि बिल असे चारही कागद एकत्र बांधून पेटीत ठेवले.

स्वाध्याय

१. 'हरकत', 'मुदत' आणि 'तक्रार' या शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ सांगा. असे आणखी दोन शब्द शोधा.

२. बिल आणि विशेष नोटीस यांत काय फरक आहे?

३. अधिकाऱ्यांनी अंगणाची नोंद लगेच बदलली, पण खोलीची बदलली नाही. असे का?

४. धड्यातील दर धरून ४० चौरस मीटरच्या निवासी घराचा कर काढा.

५. तुमच्या घरचे घरपट्टीचे बिल मोठ्यांकडून मागून घ्या. त्यावर क्षेत्रफळ आणि वापर काय लिहिला आहे ते पाहा. घर मोजा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.