सुलतान मक्वावा कोठें विसावला आहे?

विद्यार्थिमित्रहो, पहिलें महायुद्ध संपल्यावर व्हर्सायचा तह झाला, हें आपण वर्गांत शिकलांच आहां. इ. स. १९१९ च्या त्या तहांत एकंदर ४४० कलमें आहेत. प्रांत, आरमार, युद्धखंडणी अशा मोठमोठ्या गोष्टींचा निवाडा त्यांत केलेला आहे. परंतु २४६ व्या कलमापाशीं वाचणारा थबकतो. जर्मनीनें सहा महिन्यांच्या आंत सुलतान मक्वावा याची कवटी इंग्रज सरकारच्या स्वाधीन करावी, असें त्यांत लिहिलें आहे. राष्ट्राराष्ट्रांच्या करारांत एका मृत राजाच्या कवटीनें स्थान कां मिळविलें, आणि तो राजा आज नेमका कोठें विसावला आहे, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

आज ज्यास टांझानिया म्हणतात त्या देशाच्या दक्षिणेकडील डोंगराळ पठारावर, इरिंगाच्या आसपास, हेहे नांवाचे लोक राहतात. मुन्यिगुम्बा नांवाच्या नायकानें तेथील विखुरलेल्या टोळ्या एकत्र केल्या. मक्वावा हा त्याचा पुत्र. कालेंगा येथें त्याची तटबंदीची राजधानी होती. समुद्रकिनाऱ्याकडून जर्मन सत्ता आंत सरकूं लागली, तेव्हां तिच्यापुढें मान तुकविण्याचें त्यानें नाकारलें. ता. १७ ऑगस्ट १८९१ रोजीं लुगालो येथें हेहे लोकांनीं जर्मन फौजेवर अकस्मात् छापा घातला. सेनापति झेलेव्स्की ठार झाला व फौजेची दाणादाण उडाली. त्यानंतर तीन वर्षांनीं, ऑक्टोबर १८९४ मध्यें, टॉम फॉन प्रिन्स वगैरे अधिकाऱ्यांच्या फौजेनें तोफा डागून कालेंगा घेतलें. परंतु राजा निसटला. पुढें जवळजवळ चार वर्षें रानावनांतून त्यानें झुंज चालविली. त्याच्या शिरासाठीं जर्मनांनीं ५,००० रुपयांचें इनाम लाविलें. जर्मन पूर्व आफ्रिकेचें नाणेंहि त्या काळीं रुपयाच होतें, ही गोष्ट आपणांस ऐकून नवल वाटेल.

शेवटीं आजारी व एकाकी झालेला मक्वावा म्लांबालासी येथील खडकांच्या आश्रयास राहिला. ता. १९ जुलै १८९८ रोजीं मेर्कल नांवाचा जर्मन जमादार एक तुकडी घेऊन तेथें पोहोंचला. विस्तवाजवळ दोन देह पडलेले त्याला दिसले. एक राजाचा, दुसरा त्याच्या सेवकाचा. मेर्कलनें गोळी झाडली. परंतु जवळ जाऊन पाहतां राजानें आधींच स्वतःवर गोळी घालून प्राण सोडल्याचें आढळलें. शत्रूच्या हातीं जिवंत सांपडावयाचें नाहीं, हा त्याचा निश्चय सिद्धीस गेला. परंतु देहावर त्याची सत्ता उरली नव्हती. शिर तोडून इरिंगाच्या ठाण्यावर नेण्यांत आलें. धड म्लांबालासी येथेंच पुरलें गेलें.

येथपर्यंतचा वृत्तांत बहुतेक निर्विवाद आहे. खरा प्रश्न येथून पुढें सुरू होतो.

पूर्वजांच्या थडग्यापाशीं जाऊन अर्पण करावें, संकटसमयीं त्यांची आठवण करावी, अशी हेहे लोकांची जुनी चाल आहे. ज्या राजाचें धड एकीकडे आणि शिर परमुलखांत, त्याच्यापाशीं जावयाचें तरी कोठें? महायुद्धांत हेहे लोकांनीं इंग्रजांस साहाय्य केलें होतें. तेव्हां बायट नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें कवटी परत आणण्याची सूचना केली, आणि तीच तहांत उतरली. सहा महिने गेले, वर्षें गेलीं. कवटी आली नाहीं. ती सांपडत नाहीं, असें जर्मनीचें म्हणणें पडलें, आणि इंग्रज सरकारनेंहि प्रकरण बासनांत गुंडाळून ठेविलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर टांगानिकाचे गव्हर्नर सर एडवर्ड ट्वायनिंग यांनीं हा शोध पुन्हां हातीं घेतला. ब्रेमेन शहरांतील संग्रहालयांत सुमारें २,००० कवट्या होत्या. पण मक्वावाचें नांव असलेली एकहि नव्हती. तेव्हां ट्वायनिंग यांनीं मोजमापाचा मार्ग धरिला. डोक्याची लांबी १०० धरल्यास रुंदी किती भरते, असें एक प्रमाण काढतात. मक्वावाच्या आप्तांचें प्रमाण सुमारें ७१ भरलें होतें. पूर्व आफ्रिकेंतून आलेल्या कवट्यांत त्या प्रमाणाशीं जुळणाऱ्या दोनच निघाल्या. पैकीं एकीस गोळीचें छिद्र होतें. हीच ती, असें ठरलें. इ. स. १९५४ मध्यें कालेंगा येथें मोठ्या समारंभानें ती मक्वावाचे नातू व हेहे लोकांचे नायक आदम सापी यांच्या हातीं देण्यांत आली. हेच आदम सापी पुढें टांझानियाच्या लोकसभेचे सभापति झाले. ती कवटी कालेंगा येथील संग्रहालयांत कांचेच्या पेटींत ठेविलेली आहे.

आतां आपण न्यायाधीश होऊन हा पुरावा तपासूं. एकाच प्रमाणाचीं डोकीं असलेलीं माणसें हजारों असूं शकतात. केवळ तेवढ्यावरून व्यक्तीची ओळख पटत नाहीं. त्या लढायांत गोळी लागून मेलेले लोकहि थोडे नव्हते. शिवाय शेजारच्या केनियांत त्या वेळीं माउ माउचें बंड पेटलें होतें, आणि हेहे लोकांचा सद्भाव सरकारास हवाच होता. शोधणारास जें हवें असतें, तें त्याला लवकर सांपडतें, हा अनुभव आपणांपैकीं प्रत्येकाला आहे.

हा विषय आम्हीं वर्गांत सांगितला, तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "मग सर, परीक्षेंत थडगें कोठें म्हणून लिहावें?" वर्ग हंसला, आम्हांस मात्र प्रश्न योग्य वाटला. आम्हीं फळ्यावर तीन रकाने काढले. पहिल्यांत जें निश्चित तें : मक्वावा म्लांबालासी येथें मेला व त्याचें शिर तोडलें गेलें. दुसऱ्यांत जें संभवनीय तें : कालेंगा येथील कवटी त्याची असूं शकेल. तिसऱ्यांत लोकांची श्रद्धा : ती त्याचीच आहे, आणि राजा घरीं परतला आहे. या तिन्हींची सरमिसळ केली म्हणजे इतिहास बिघडतो. आणि तिसरा रकाना पुसून टाकला म्हणजे माणुसकी बिघडते.

ज्या कलेंगांत त्याचा तट तोफांनीं पाडला गेला, तेथेंच आज लोक आदरानें त्या पेटीपुढें उभे राहतात. त्यांस आपण हंसूं नये. जेत्यांनीं मस्तक वाहून नेलें, समुद्रापार पोहोंचविलें, मोजून मांडून ठेविलें. परंतु तें कोणाचें, हें एका चिठ्ठीवर लिहून ठेवण्याइतकाहि आदर त्यांनीं दाखविला नाहीं. आजचा संशय हा त्या अनादराचेंच फळ आहे. म्हणून, मित्रहो, आपल्या वहींत प्रत्येक गोष्ट तिच्या योग्य रकान्यांत लिहा; आणि ज्याच्याविषयीं लिहितां तो मनुष्य होता, त्याला नांव होतें, हें कधींहि विसरूं नका.